परक्याची नव्हे, आपलीच लढाई
(बमरोली येथे यंत्रमाग कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील वीज कामगारांच्या लढ्याला सुरतेतील माग कामगारांनी पाठिंबा का द्यावा, असा प्रश्न आम्हांस येथे विचारण्यात आला. बारा तास मागावर उभे राहायचे, मीटरवर मजुरी घ्यायची आणि मालकाने 'उद्यापासून येऊ नको' म्हटले की घरी बसायचे, हे ज्यांचे जिणे, त्यांनी कायम नोकरदारांसाठी का झिजावे? प्रश्न रोखठोक आहे. त्याचे उत्तरही तसेच दिले पाहिजे.

तुमच्यापैकी बहुतेकांची घरे खानदेशात आहेत. म्हणून जळगावचाच दाखला घेऊ. २०११ साली तेथील वीजवितरण क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज या खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. खांब व तारा सरकारी, वसुली कंपनीची, अशी ही व्यवस्था! २०१५ साली ती संपुष्टात आली. तेव्हाच्या औरंगाबादेत २०११ साली सुरू झालेला असाच प्रयोग २०१४ साली आटोपला. नागपुरातील २०१९ साली. तिन्ही ठिकाणी कारभार परत आला तो महावितरणकडेच. भिवंडीत मात्र २००७ साली आलेली व्यवस्था टिकली व तेथील वीजगळती घटली, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण कंपनीला निघून जाण्याची मुभा असते. सार्वजनिक सेवेला ती नसते. कंपनी गेल्यावर अंधार पडू नये म्हणून खांबावर कोण चढले, याचा विचार करा.

पुढे २०२२ साली मुंबईलगतच्या भांडुप, ठाणे, नवी मुंबई आदी भागांसाठी अदानी समूहाच्या कंपनीने समांतर परवाना मागितला. भरपूर बिल भरणारे ग्राहक गेले, तर शेतकऱ्याचा व गरिबाचा वीजदर कोणाच्या बळावर आटोक्यात राहणार? तीसहून अधिक संघटना एकवटल्या आणि ४ जानेवारी २०२३ रोजी तीन दिवसांचा संप सुरू झाला. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारी वीज कंपन्यांचे खासगीकरण करणार नाही, असे आश्वासन दिले व संप मागे घेण्यात आला. एकजुटीचे बळ ते हेच!

तथापि आश्वासन म्हणजे कायदा नव्हे. शिवाय संघटनांनाही आम्ही एक खडा सवाल करू इच्छितो. त्याच खांबावर, तोच धोका पत्करून चढणारा कंत्राटी कामगार निम्म्या हक्कांवर का राबतो? कायम कामगाराच्या नोकरीची पाठराखण करणारी संघटना कंत्राटी कामगारास वाऱ्यावर सोडील, तर खासगीकरण मागच्या दाराने आधीच आत आले आहे, असे समजावे.

म्हणूनच बमरोलीच्या कामगारांना आमचे सांगणे आहे : कायम नोकरी, आठ तासांचा दिवस हे हक्क कोठेतरी शाबूत आहेत, म्हणून तर तुम्ही ते मागू शकता. ते तेथे बुडाले, तर येथे कोणत्या तोंडाने मागणार? दुसऱ्याच्या ताटातील भाकरी गेल्याने आपले ताट भरत नाही.

वीज कामगारांना पाठिंब्याचा ठराव तुम्ही अवश्य करा. आणि त्याच ठरावात लिहा की, उद्या मागावरील मजुराला घरी बसविले, तर त्यांनीही आपल्या पाठीशी उभे राहावे. पाठिंबा ही भीक नव्हे. ती परतफेडीची उसनवारी आहे.