दयेच्या अधिकाराला हिशेब हवा



राष्ट्रप्रमुखाच्या क्षमादानाच्या अधिकाराला मर्यादा असावी काय, हा प्रश्न अलीकडे अमेरिकेने ऐरणीवर आणला. १ डिसेंबर २०२४ रोजी बायडन यांनी स्वतःच्या पुत्राला माफी दिली. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी संसद भवनावरील हल्ल्याच्या प्रकरणातील सुमारे १५०० जणांना माफी वा सूट दिली. पक्ष भिन्न, पण अधिकार तोच, आणि तो एकट्याच्या मर्जीचा.

आपण ज्या आयर्लंडमध्ये राहतो तेथे हे घडू शकत नाही. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांसाठी ज्या १९३७ च्या घटनेकडे पाहिले, तिच्या १३ व्या कलमानुसार माफीवर सही राष्ट्राध्यक्षांची असली तरी निर्णय सरकारचा असतो. एवढ्याने भागते काय? आमच्या मते नाही.

१९७६ साली किल्डेअर परगण्यात सॅलिन्सजवळ टपालगाडी लुटली गेली. निकी केली यांना पोलीस कोठडीतील कबुलीजबाबावरून १२ वर्षांची शिक्षा झाली. अंगावरील जखमांविषयी डॉक्टरांनी साक्ष दिली होती. त्या जखमा आरोपींनी स्वतःच किंवा एकमेकांना करून घेतल्या, असे न्यायालयाने ठरविले! वैद्यकीय पेशातील आम्हा मंडळींना हे वाचताना यातना होतात. सहआरोपी १९८० मध्ये अपिलात सुटले. केली यांना १९८४ मध्ये 'मानवतेच्या दृष्टीने' मुक्त करण्यात आले, पण निर्दोष म्हणण्याचे धैर्य सरकारला झाले नाही. राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या सहीची माफी १९९२ मध्ये आली. त्यानंतर १९९३ च्या कायद्याने माफीच्या अर्जाची रीत ठरली आणि चौकशी समिती नेमण्याची सोय झाली. मर्जीला कार्यपद्धती मिळाली, ही खरी मर्यादा.

याहून जुने उदाहरण अधिक बोचरे आहे. माम्ट्रास्ना हत्याकांडात १८८२ साली माओलरा शोईगे यांना गॉलवेच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांना येत होती फक्त आयरिश, आणि खटला चालला इंग्रजीत. त्यांच्यासोबत फासावर गेलेल्या दोघांनी ते निरपराध असल्याचे सांगितले होते. व्हाइसरॉय अर्ल स्पेन्सर यांच्या हाती दया होती. त्यांनी ती नाकारली. राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांची माफी २०१८ मध्ये आली, १३६ वर्षांनंतर. ज्याची भाषा न्यायासनाला कळत नाही त्याचे काय होते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

आता मायदेशाकडे वळू. कलम ७२ चा अधिकार राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरावयाचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मारू राम खटल्यात स्पष्ट केले. कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या भगिनींचा गुन्हा, लहान मुलांच्या अपहरणाचा आणि हत्यांचा, भीषणच होता. तथापि त्यांच्या दयेच्या अर्जावर शासनाने जवळपास आठ वर्षे घालविली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये या विलंबामुळे फाशीऐवजी जन्मठेप दिली. न्यायालयाला कागद तपासता आले म्हणूनच हे शक्य झाले. उलट बाजूही पाहावी. बिल्किस बानो यांच्या ११ अपराध्यांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. तेथे अधिकार राज्य सरकारचा व कायद्याने दिलेला होता, परंतु धडा तोच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७२ मात्र याच तपासणीवर घाव घालते. कैद्याने अर्ज ३० दिवसांत करावयाचा, केंद्राने शिफारस ६० दिवसांत पाठवावयाची. राष्ट्रपतींना मात्र मुदत नाही. वर, निर्णय कसा घेतला याची चौकशी कोणत्याही न्यायालयाने करावयाची नाही! दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. त्यांच्यासाठी ३० दिवस म्हणजे वकील शोधण्याइतकाही अवधी नव्हे.

जून १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले होते. ती रद्द होईपर्यंत दयेचा अधिकार काढून घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. कोणाला दया दाखवावी यावर बंधन नको. परंतु स्वतःच्या कुटुंबीयांना वा सहकाऱ्यांना माफी देता येऊ नये, निर्णयाची कारणे लेखी द्यावीत, पीडिताचे ऐकून घ्यावे, आणि मुदत कैद्याइतकीच सरकारला व राष्ट्रपती भवनालाही असावी. कलम ४७२ मधील न्यायालयबंदी वगळावी, असे निवेदन या संस्थेने भारताच्या विधी मंत्रालयाकडे पाठवावे, ही आमची आपणांस विनंती आहे.