घर सांभाळून करता येईल असं काम

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायका आणि कमिशनवरची कामं, या विषयावर मला बोलायला सांगितलंय. एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती म्हणून तुम्ही मला बोलावलंत, पण मी बोलणार आहे ते त्याआधीच्या दिवसांबद्दल. मी दहा महिने विमा विकलाय. आणि त्याआधी दोन वर्षं मालदीवमध्ये शिक्षिका होते.

2012 साली माझं बी.एड. झालं आणि त्याच वर्षी राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. जवळच्या विनाअनुदानित शाळेत चार हजार मिळत होते, तेही जास्त आकड्यावर सही करून. मालदीवमध्ये शाळांचं माध्यम इंग्रजी आहे आणि तिथे बाहेरचे शिक्षक लागतात. भारतातून, त्यातही केरळ-तमिळनाडूतून बरेच जण जातात. मी अर्ज केला आणि निवड झाली. चालत वीस मिनिटांत संपणारं बेट, साठवलेलं पावसाचं पाणी प्यायला, शुक्रवार-शनिवार सुट्टी. खोलीत केरळची एक शिक्षिका जोडीला होती. फार एकटं वाटायचं, आणि करार वर्षावर्षाचा, त्यामुळे मुख्याध्यापकांपुढे मान खालीच. पण पगार 8,500 रुफिया, म्हणजे तेव्हाचे तीस-बत्तीस हजार रुपये. तो दर महिन्याला यायचा. मुलं आजारी पडली, सुट्टी लागली, मला ताप आला, तरी यायचा. ही साधी गोष्ट तेव्हा मला साधीच वाटली होती.

2014 च्या सुरुवातीला आईला अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ पुण्यात नोकरीला. त्याचा फोन आला, “तू ये. तुझा करार तसाही संपतोच आहे.” त्याचीही नोकरी होती, पण ती सोडण्याचा विचार कुणी बोलूनसुद्धा दाखवला नाही. मीही नाही. मी सांगलीजवळच्या आमच्या गावी परत आले.

आईचं अंघोळ-पाणी, व्यायाम, औषधं यांत दिवसाचे सहा-सात तास जात. शाळेची नोकरी मिळणार नव्हती, मिळाली तरी दिवसभर बाहेर राहणं शक्य नव्हतं. अशा वेळी एका खाजगी विमा कंपनीचा मॅनेजर घरी आला. त्याला पगार होता आणि आमच्यासारखे एजंट भरती करायचं टार्गेट होतं, हे मला नंतर कळलं. आईच्या खाटेकडे बघून तो म्हणाला, “ताई, घर सांभाळून करता येईल असं काम आहे. तुम्ही फॉरेनला शिकवून आलात, लोक तुमचं ऐकतील.” परीक्षा दिली, पास झाले. पत्र मिळालं त्यात नेमणूक, पगार, रजा असे शब्दच नव्हते. मी स्वतंत्र व्यावसायिक होते म्हणे. म्हणजे किमान वेतनाचा प्रश्नच नाही.

पहिल्या तीन महिन्यांत मी अकरा पॉलिसी केल्या. मामी, आत्या, आईच्या भिशीतल्या बायका, मैत्रिणीचा नवरा. कमिशन झालं 39,000. मॅनेजरने मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. चौथ्या महिन्यात शून्य. नातेवाईक संपले होते. पुढच्या सात महिन्यांत मिळून सहा पॉलिसी, 22,000 रुपये.

मला हिशेब लिहायची सवय. पेट्रोल, फोन, झेरॉक्स, लोकांकडे जाताना नेलेला खाऊ, आणि गिऱ्हाईक “पहिला हप्ता तुम्हीच निम्मा भरा” म्हणालं की खिशातून दिलेले पैसे. अशी सूट द्यायला 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 41 नुसार बंदी आहे. परीक्षेत त्यावर प्रश्नसुद्धा होता. पण बाहेर सगळे मागतात आणि न देणाऱ्या एजंटाची पॉलिसी होत नाही. हा सगळा खर्च 27,000. राहिले 34,000, म्हणजे महिन्याला 3,400. मी नाकारलेल्या शाळेपेक्षा सहाशे कमी. आणि घर सांभाळून? लोक भेटतात ते संध्याकाळी सातनंतर, नेमकी आईला भरवायची वेळ.

एका दुकानदाराने रात्री दुकान बंद करताना “निवांत या” असं दोनदा सांगितलं. मी मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, “मोठं गिऱ्हाईक आहे, गोड बोलून सांभाळा.” कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 सालीच झाला होता. त्यात पीडित स्त्री नोकरीवर असलेलीच हवी असं नाही, आणि कामानिमित्त जावं लागतं ती जागाही धरली आहे. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तुमच्या गटातल्या किती जणींना ठाऊक आहे, विचारून बघा.

आता आत्याबद्दल. हे सांगायला जड जातं. आत्या विधवा, अंगणवाडीत मदतनीस होती. निवृत्त होताना मिळालेल्या पैशातून तिने माझ्याकडे वर्षाला 15,000 रुपयांची पॉलिसी घेतली. हप्ता दरवर्षी भरायचा आहे हे मी तिला सांगितलं होतं. पण दुसऱ्या वर्षी ती कुठून भरणार, हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पॉलिसी झाली नसती, आणि ते मला आतून माहीत होतं. दुसरा हप्ता ती भरू शकली नाही. पॉलिसी बंद पडली, पैसे गेले. तोवर मी काम सोडलं होतं. माझं कमिशन मात्र मला मिळालं होतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम बदललाय. आता नवीन पॉलिसीत पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरला असेल, तर वर्ष झाल्यावर पॉलिसी सोडताना काही रक्कम परत मिळते. आत्याच्या वेळी ते नव्हतं. नंतर मी तिला थोडे थोडे करून पैसे दिले, तिने घेतले. दिवाळीचा फराळ पाठवायला मात्र तिला चार वर्षं लागली.

त्या मॅनेजरला शिव्या घालणं सोपं आहे, आणि मी पुष्कळ घातल्यात. पण आत्याला मी विकलं ते मी शिक्षिका होते या भांडवलावर. बाईचा गोतावळा, तिच्यावरचा विश्वास, हाच अशा धंद्याचा कच्चा माल. तो तिने फुकट आणायचा आणि संपला की घरी बसायचं. तिच्या जागी दुसरी येते, दुसरा गोतावळा घेऊन.

कमिशनचं सगळंच काम असं असतं असं मी म्हणत नाही. एल.आय.सी.च्या एजंटांना ग्रॅच्युइटी आहे, सप्टेंबर 2023 मध्ये तिची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख झाली. डिसेंबर 2024 मध्ये बीमा सखी योजना आली. दहावी पास बाईला पहिल्या वर्षी महिना 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000 मानधन, वर कमिशन. माझ्या वेळेपेक्षा हे नक्कीच बरं. पण ही पगारी नेमणूक नाही. पहिल्या वर्षी चोवीस जणांचा विमा करायचा आहे. आणि दुसऱ्या वर्षीचं मानधन हवं तर आधीच्या पॉलिसींपैकी किमान 65 टक्के चालू राहायला हव्यात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही अट चांगली. पण बंद पडू नयेत म्हणून सखीच स्वतःच्या मानधनातून हप्ते भरायला लागली, तर तिच्या हातात काय राहील? आणि चौथ्या वर्षी?

गेल्या महिन्यात आमच्या एका गटातल्या ताई फॉर्म घेऊन आल्या. नवरा ट्रॅक्टरवर, दोन मुली शाळेत. मी म्हटलं, चोवीस नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे दुसऱ्या वर्षीचा हप्ता तो कशातून भरेल ते लिहा. त्यांनी अर्धा तास लावला. नऊ नावं झाली, त्यातलं एक माझं. दोन त्यांनी स्वतःच खोडली. एक नणंदेचं होतं. ताई म्हणाल्या, “तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिला नको विचारायला.”

फॉर्म त्यांनी भरलाय. सोबत एक वही घेतली आहे, डावीकडे कमिशन, उजवीकडे खर्च. दर महिन्याच्या बैठकीत ती वही गटासमोर ठेवायची असं ठरलंय. पहिलं पान पुढच्या महिन्यात बघू.