रापणीचा वाटा



कोळशाच्या आणि राखेच्या या गावी, अशा उकाड्यात, आम्ही समुद्रावर बोलणार असे फलकावर वाचून आमचे काही मित्र हसले. इरई धरणाचे पाणी पुरवून वापरणाऱ्याला समुद्र कशाला, असे त्यांचे म्हणणे. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. पण आपल्या आठवडी बाजारात सुकी मासळी मांडून बसलेली बाई आपण पाहतोच. तिच्या टोपलीतला बोंबील वसई-अर्नाळ्याकडे, पाऊस सरल्यावर, वलांडीवर म्हणजे बांबूंच्या मांडणीवर उन्हात वाळलेला असतो. तो आपण चुलीत भाजून खातो. ज्याने तो धरला त्याच्या पदरात काय पडले, हे आपण विचारत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते.

गेल्या कार्तिकात कामगारांच्या एका शिबिरासाठी आम्ही मालवणला गेलो. बोंबील उत्तरेकडचा, मालवणचा राजा बांगडा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात समुद्राच्या तळचे थंड पाणी वर येते आणि आपल्याबरोबर पोषक द्रव्ये आणते. त्यावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती फोफावते. बांगडा आणि तारली यांचे पोट त्या सूक्ष्म जीवांवरच भरते. पाऊस गेला, दसरा-दिवाळी झाली, की हे मासे थव्यांनी किनाऱ्याजवळ येतात. थंडी पडू लागते, पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारी खारा वारा उलटा येतो. शिडाच्या होडीने पहाटे जावे आणि दुपारी परतावे, अशी निसर्गानेच लावून दिलेली ही पाळी आहे. आमच्या कारखान्यातल्या पाळीपेक्षा ती बरी. तिला भोंगा नाही.

दांडीच्या किनाऱ्यावर आम्ही रापण पाहिली. एक होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धे वर्तुळ काढते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन रांगा ते ओढीत राहतात. पाऊण-एक तास नुसते ओढणे. वाळूत टाच रुतवायची, एक पाऊल मागे, पुन्हा टाच. रांगेत तरणे होते, सत्तरीचे म्हातारेही होते. आम्हीही दोराला हात लावला, तो तळव्याचे साल निघेपर्यंत. जाळे वाळूवर आले तेव्हा त्यात बांगडा थोडा, तारली बरी, आणि बराच केरकचरा होता. जागेवरच लिलाव झाला. जाळ्याचे तुकडे अनेकांच्या मालकीचे. ते एकत्र जोडून रापण होते. म्हणून आलेल्या पैशात जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. मिळाले तर सर्वांना, नाही तर कोणालाच नाही. एका म्हाताऱ्याने आमच्याही हातात चार बांगडे ठेवले. आम्ही खिशात हात घातला, तर तो रागावला. मग शांतपणे विचारले, "तुमच्या कारखान्यात वडणाऱ्याक वाटो किती गावता?"

आम्ही उत्तर दिले नाही. आमच्या डोळ्यांपुढे कित्येक वर्षांपूर्वीचा एक संप आला. एका कारखान्यात कायम कामगार आणि राख उपसणारे कंत्राटी मजूर एकत्र बाहेर पडले होते. अठरा दिवस एकाच चुलीवर जेवलो. करार झाला तेव्हा कंत्राटी मजुरांचे कलम मसुद्यात सर्वांत शेवटी होते, आणि पहाटे तीन वाजता तेच सोडून आम्ही सही केली. त्या कागदावर आमचीही सही आहे. संप जिंकला म्हणून आमच्या गळ्यात हार पडले.

रापण म्हणजे रामराज्य, असे मात्र कोणी समजू नये. वाट्याच्या हिशेबात आम्हाला एकाही बाईचे नाव ऐकू आले नाही. मासे विकायला मात्र साऱ्या बायाच होत्या. आणि रापण आता थकली आहे. १९५३ मध्ये केरळात नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, पुढे सगळ्याच किनाऱ्यावर ट्रॉलर आले. मासा किनाऱ्याला लागण्याआधीच खोल पाण्यात उचलला जाऊ लागला. गोव्याचे रापणकार त्याविरुद्ध उठले. माथानी साल्ढाणा नावाचे एक शिक्षक त्यांचे पुढारी झाले. त्यांची मागणी साधी होती : किनाऱ्याजवळचे पाणी लहान होडीसाठी राखा. गोव्यात १९८० मध्ये आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारीचे कायदे झाले. पुढे पर्ससीन आली. अख्खा थवा एका घेरात बांधणारे जाळे. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले. म्हणजे बांगड्याचे ऐन दिवस तिच्याकडेच राहिले. विजेच्या प्रखर दिव्यांनी मासा गोळा करण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. मालवणचे लोक म्हणाले, रात्री किनाऱ्यावर उभे राहा आणि दिवे मोजा.

पण पर्ससीनवर दोर ओढणारा खलाशीही मजूरच आहे. रत्नागिरीच्या बंदरात नेपाळहून आलेली पोरे भेटतात. समुद्र म्हणजे काय ते त्यांना नोकरीनेच दाखवले. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणावर आले, तेव्हा बुडालेल्या नौकांवर असेच खलाशी होते. रापणकाराने त्यांना शत्रू समजावे, हे नौकामालकांच्या सोयीचे आहे. हे आम्ही मालवणात बोललो, तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात आमची कराराची बोलणी आहेत. कंत्राटी मजुरांचे कलम या वेळी मसुद्यात पहिले लिहिले आहे. आमच्याच काही कायम कामगारांना ते पसंत नाही. त्यांच्यापैकी दोघे-तिघे समोर बसलेले दिसतात. सभा संपल्यावर त्यांनी थांबावे, चहा आम्ही सांगितला आहे.