स्पिंडल फिरत नाही, तेव्हा

या व्याख्यानाचं ठरलं तेव्हा कार्यकारिणीने सभासदांचे प्रश्न आधीच मागवून माझ्याकडे धाडले. बहुतेकांची तक्रार एकच : घरच्या सीएनसीचा स्पिंडल फिरत नाही, किंवा फिरतो पण सांगितलेला वेग घेत नाही. त्यामुळे लाकूड, बिट, डिझाइन हे सगळं आज बाजूला ठेवतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गॅरेजमध्ये ३०१८ हे मशीन आहे. तीस बाय अठरा सेंटिमीटरचं कामाचं क्षेत्र, २४ व्होल्टची ७७५ मोटर आणि बोर्डवर ग्रबल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या माणसाने २००९ मध्ये ग्रबल लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. जगभर लाखमोलाचं काम त्यावर चालतं, आणि बिघाडही सगळीकडे तेच ते होतात. माझं म्हणणं एवढंच आहे : मोटर हा साखळीतला शेवटचा दुवा आहे आणि लोक नेमका तोच आधी बदलतात.

साखळी अशी आहे. तुम्ही स्पिंडल सुरू करण्याचा ‘एम ३ एस ५००’ हा हुकूम देता. ग्रबल त्यातला ५०० हा आकडा $३० या सेटिंगशी ताडून पाहतं. $३० म्हणजे कमाल वेग, मूळ किंमत १०००. म्हणजे हुकूम निम्म्या वेगाचा झाला. मग बोर्डवरची ५ व्होल्टची पिन सेकंदाला सुमारे हजार वेळा चालू-बंद होते आणि निम्मा वेळ चालू राहते. त्याच तालावर मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच मोटरचा २४ व्होल्टचा प्रवाह जोडतो आणि तोडतो.

तपासणीआधी बिट काढून ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. मग पाहा, अडॅप्टर लावलेला आहे ना? यूएसबीवर बोर्डाचा दिवा लागतो, ग्रबल उत्तरही देतं, पण मोटरला लागणारे २४ व्होल्ट यूएसबीतून येत नाहीत. अडॅप्टर नाहीतर बोर्डावरचं बटण बंद असल्याने ‘मेलेल्या’ ठरलेल्या मोटरी पुष्कळ आहेत.

आता मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या बोर्डांवर मोटरची लाल तार बहुधा कायम २४ व्होल्टला जोडलेली असते आणि मॉस्फेट काळ्या तारेचा रस्ता उघडतो-मिटतो. लाल तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजलंत, तर मोटर बंद असतानाही २४ दिसतात आणि माणूस भलत्याच निष्कर्षावर जातो. मोजायचं ते मोटरच्याच दोन टोकांवर. पूर्ण वेगाचा हुकूम द्या. टोकांवर २४ च्या आसपास व्होल्ट आहेत आणि मोटर गप्प आहे, तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा बेअरिंग जाम झालंय. वीज काढून हाताने फिरवलंत की कळतं. टोकांवर काहीच नाही, पण पिनवर ५ व्होल्ट आहेत, तर मॉस्फेट किंवा त्याच्या भोवतालचा भाग गेला. थांबण्याचा ‘एम ५’ हुकूम देऊनही मोटर पूर्ण वेगाने धावते आहे, तर मॉस्फेट शॉर्ट झालाय. मोटर बंद होताना उलटा झटका येतो. तो झेलणारा डायोड नसेल तर मॉस्फेटची ही गत होते.

वेगाच्या तक्रारी मात्र बहुतेक वेळा तारांच्या नसतातच. $३० जर १००० असेल आणि कॅम सॉफ्टवेअर एस १०००० लिहीत असेल, तर काहीही करा, वेग पूर्णच. उलट $३० दहा हजार असेल आणि तुम्ही एस १००० दिलंत, तर मोटरला जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. ती कुंईकुंई करते आणि जागची हलत नाही. सर्वांत फसवी अवस्था $३२ ची, म्हणजे लेझर मोडच्या सेटिंगची. लेझर लावताना ते १ केलं आणि परत शून्य करायचं राहिलं, की प्रत्येक जी० चालीत, म्हणजे बिट उचलून दुसरीकडे नेताना, ग्रबल स्पिंडल बंद करतं. मग बिट पुरता वेग घेण्याआधीच लाकडात घुसतं आणि मोडतं. लोक सैल तार शोधत बसतात. खरंच सैल तार असेल, तर स्पिंडल जी० पाहून थांबणार नाही. झेड अक्षाच्या ठराविक उंचीवर, तार वाकते तिथे थांबेल.

आणखी एक. पडद्यावरचा वेग कोणी मोजलेला नसतो. ७७५ कडून बोर्डाला काहीच उलट खबर येत नाही. लाकडात शिरली की ती मंदावते. खरे फेरे हवेत तर चकाकती पट्टी चिकटवून टॅकोमीटर धरा. आणि स्पिंडल सुरू होताच यूएसबी तुटत असेल, तर मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, तारा पिळून यूएसबीपासून लांब न्या.

ज्यांनी मोठा, व्हीएफडीवरचा, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हवरचा स्पिंडल घेतलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन पोलची मोटर ४०० हर्ट्झवर २४,००० फेरे घेते. व्हीएफडीला ० ते १० व्होल्ट हवे असतील आणि कंट्रोलर ५ च देत असेल, तर १२,००० वर गाडी अडणार. मधे कन्व्हर्टर हवा. अशा मोटरला ५० हर्ट्झच्या सेटिंगवर पूर्ण व्होल्टेज देऊ नका, ती जळते. वीज काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय झाकण उघडू नका.

मंडळी, एक विनंती. मशीन ठीक चालतंय तोवर $$ हा हुकूम देऊन येणारी सेटिंगची सगळी यादी कागदावर उतरवा आणि मशीनच्या बाजूलाच चिकटवा. बिघाड झाला की नवी मोटर मागवण्याआधी तो कागद आणि मीटर घेऊन बसा.