जुना संगणक आणि घरचे ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रण सुरू असताना संगणकाकडे आवाजाचा ओघ एकाच गतीने येत राहतो. नमुनादर 48 किलोहर्ट्झ ठेवला तर प्रत्येक सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने येतात. गायक श्वास घेण्यासाठी थांबला किंवा संगणक दुसऱ्या कामात गुंतला, तरी हा ओघ थांबत नाही. एकेक नमुना स्वतंत्रपणे हाताळणे प्रोसेसरला परवडत नाही. म्हणून नमुने आधी बफर नावाच्या मेमरीच्या छोट्या कप्प्यात साठतात आणि कप्पा भरला की प्रोसेसर तो रिकामा करतो. गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीसारखे हे काम आहे. बादली वेळेवर उपसली तर जमिनीवर थेंबही पडत नाही. उपसणारा एकदाच उशिरा आला तरी पाणी सांडते. सांडलेले नमुने परत मिळवण्याचा उपाय नाही.

असा एक बफर गळाला की काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. 48 किलोहर्ट्झला 256 नमुन्यांचा बफर म्हणजे 5.3 मिलिसेकंदांचा आवाज. तंबोऱ्याच्या मुद्रणातली अशी जागा पडद्यावर मोठी करून पाहिली, तर संथपणे वर चढणारी लहर मधले टप्पे गाळून एकदम खाली आलेली दिसते. तिथे एक सरळ उभी रेघ उमटते आणि कानाला ‘टक्’ ऐकू येते. तबल्याच्या मुद्रणात हाच दोष आघाताखाली लपून जातो. पण गळालेल्या तुकड्याची जागा रिकामी राहिली नाही, तर पुढचे सगळे बोल तेवढे अलीकडे सरकतात. असे दहा तुकडे गळाले की आधी मुद्रित केलेल्या पेटीशी तबला जुळेनासा होतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ध्वनिमुद्रणासाठी संगणक सरासरीने किती वेगवान आहे याला फारसे महत्त्व नाही. त्याला एखाद्या वेळी जास्तीत जास्त किती उशीर होतो, याला आहे. तासाभरात लाखो वेळा बफर वेळेवर उपसला आणि एकदा चुकला, तर तो तास डागाळला. म्हणून जुना संगणक ध्वनिमुद्रणासाठी तयार करायचा म्हणजे त्याचा वेग वाढवण्यापेक्षा त्याला उशीर करायला लावणारी कारणे एकेक करून दूर करायची.

वेगाचा प्रश्न हिशेबानेच मिटतो. 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ या मापाने एका ट्रॅकला सेकंदाला 1,44,000 बाइट लागतात. आठ माइकांचे आठ ट्रॅक एकाच वेळी घेतले तरी सेकंदाला 1.15 मेगाबाइट. दहा-बारा वर्षांपूर्वीची साधी हार्ड डिस्कही सलग लिहिताना याच्या कितीतरी पट माहिती उतरवून घेते. इंटेलने 2012 मध्ये तिसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर बाजारात आणले. त्या काळातला आय-5 प्रोसेसरचा, 4 जीबी रॅम आणि 500 जीबी हार्ड डिस्कचा लॅपटॉप आज अनेक घरांत कपाटात पडून आहे. स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये ‘एएसआयओ’ ही ध्वनिव्यवस्था आणली, तेव्हाचे संगणक या लॅपटॉपपुढे अगदीच दुबळे होते आणि त्यांवरही अनेक ट्रॅकांचे ध्वनिमुद्रण होत असे. ताकद पुरेशी आहे. अडचण तिच्या वाटेत येणाऱ्या गोष्टींची आहे.

पहिली अडचण धुळीची आणि उष्णतेची. वर्षानुवर्षे वापरलेल्या लॅपटॉपच्या पंख्यामागे, तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांवर धुळीचा थर साचलेला असतो. प्रोसेसर आणि धातूची पट्टी यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून भेगाळलेली असते. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गती एकदम कमी करतो, आणि नेमका तेव्हा बफर चुकतो. मुद्रण सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांनी टकटक सुरू होत असेल, तर संशय आधी उष्णतेवर घ्यावा. आतली साफसफाई आणि ताजी पेस्ट हा पहिला आणि स्वस्त उपाय. त्याने पंख्याची घरघरही कमी होते आणि माइकला तो दुहेरी फायदा मिळतो.

दुसरी अडचण डिस्कची. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा 11 मिलिसेकंदांत पूर्ण करते, आणि वाचणारे टोक एका जागेवरून दुसरीकडे न्यायला आणखी तितकाच वेळ जातो. सलग लिहिताना हे जाणवत नाही. पण अँटिव्हायरस, फाइलींची अनुक्रमणिका बनवणारी सेवा आणि मुद्रण हे तिघे एकाच वेळी डिस्कवर तुटून पडले, की टोकाची नुसती धावपळ होते. रॅम अपुरी असली तर प्रणाली मेमरीतली माहिती डिस्कवर ठेवते आणि लागेल तशी परत आणते, म्हणजे हा गोंधळ आणखी वाढतो. त्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हे दोन्ही भाग सहज बदलता येतात: डीडीआर-3 प्रकारची रॅम 8 जीबीपर्यंत न्यावी आणि सॅटा जोडणीची एसएसडी बसवावी. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी घातली, तर जुनी हार्ड डिस्क तिथे साठवणीसाठी राहू शकते. एसएसडीचे डीफ्रॅगमेंटेशन मात्र करू नये; तिला त्याची गरज नसते आणि तिची झीज होते.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, आणि बहुतेक वेळा खरी गुन्हेगार तीच असते. विंडोजमध्ये वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरी अशा प्रत्येक भागाचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून तातडीचे काम करून घेऊ शकतो आणि तेवढा वेळ बाकी सर्वांना थांबवतो. असे थांबणे काही मायक्रोसेकंदांत आटोपायला हवे. एखादा ड्रायव्हर मिलिसेकंदांनी अडवून बसला, तर प्रोसेसरचा वापर दहा टक्के दिसत असतानाही आवाज तुटतो. लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्रॅम कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ घेतला, हे नावानिशी दाखवतो. तो पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून यादी पाहावी. नेटवर्कचा ड्रायव्हर वर आला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय कार्ड निष्क्रिय करावे. नुसते कनेक्शन तोडल्याने नेहमीच भागत नाही. ब्लूटूथ, अंगचा वेबकॅम आणि लॅपटॉपचे स्वतःचे साउंड कार्ड मुद्रणात लागत नसेल तर तेही बंद ठेवता येते. एका वेळी एकच भाग बंद करून पुन्हा तपासावे, म्हणजे दोष नेमका कुठे होता ते कळते.

चौथी अडचण वीजबचतीची. काम हलके असले की प्रोसेसर आपली गती उतरवतो आणि मधल्या क्षणांत झोपेच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर जातो. तिथून जागे व्हायला वेळ लागतो. म्हणूनच पुष्कळदा जड प्रकल्प सुरळीत वाजतो आणि एकाच माइकचे साधे मुद्रण अडखळते. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ योजना निवडावी, प्रोसेसरची किमान पातळी 100 टक्के ठेवावी आणि यूएसबी आपोआप निद्रिस्त करण्याची सोय बंद करावी. चार्जरवर आणि बॅटरीवर, दोन्हीकडे हीच मांडणी हवी. याने उष्णता वाढते, म्हणून पंख्याची साफसफाई आधी झालेली असावी.

एवढे झाल्यावर ध्वनीचा स्वतःचा मार्ग नीट करायचा. लॅपटॉपच्या अंगच्या माइक-सॉकेटपेक्षा यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरावा आणि तो हबमधून न जोडता थेट संगणकाच्या पोर्टला जोडावा. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचा एएसआयओ ड्रायव्हर घालावा; तो विंडोजचा मिक्सर टाळून प्रोग्रॅमपर्यंत थेट पोचतो. निर्मात्याचा ड्रायव्हर नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल हा सर्वसाधारण पर्याय आहे. मॅकवर कोअर ऑडिओ ही व्यवस्था अंगचीच असते.

मग प्रश्न उरतो बफर किती ठेवायचा. 48 किलोहर्ट्झला 128 नमुने म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 512 म्हणजे 10.7 आणि 1024 म्हणजे 21.3 मिलिसेकंद. बफर लहान केला की माइकमध्ये गेलेला आवाज हेडफोनमध्ये लवकर परत येतो, पण उशिराला सवलत उरत नाही. आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना एक, असा दुहेरी विलंब लागतो. म्हणून 512 वर गायकाला आपलाच आवाज वीस मिलिसेकंदांहून अधिक उशिरा ऐकू येतो आणि गाणे अवघड होते. यावर बहुतेक इंटरफेसमध्ये तोडगा असतो, तो डायरेक्ट मॉनिटरिंगचा. त्यात माइकचा आवाज संगणकात जाऊन परत न येता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळतो. गायकाला विलंब जाणवतच नाही आणि बफर खुशाल 1024 ठेवता येतो. जुन्या संगणकासाठी सगळ्यांत मोलाची सोय हीच, आणि तिला स्वतंत्र खर्च नाही. प्रोग्रॅममधले ट्रॅकचे मॉनिटरिंग मात्र तेव्हा बंद ठेवावे, नाहीतर एकच स्वर दोनदा ऐकू येतो.

मुद्रणाचे माप ठरवतानाही संयम हवा. 24 बिट घ्यावे. त्यात पातळी कमी ठेवून, सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशा बेताने मुद्रण करता येते आणि अचानक चढलेली तान फाटत नाही. 96 किलोहर्ट्झने मात्र संगणकावरचा भार दुप्पट होतो. घरच्या कामाला 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ पुरते. मुद्रणाच्या वेळी रिव्हर्ब, कॉम्प्रेसर यांसारखे प्लगइन बंद असावेत. नंतर ट्रॅक वाढले आणि प्लगइन जड झाले, तर रीपरसारख्या प्रोग्रॅममध्ये ट्रॅक ‘फ्रीझ’ करता येतो, म्हणजे प्लगइनसकट त्याची तयार फाइल बनते आणि प्रोसेसर मोकळा होतो. लांबलेल्या मैफिलीसाठी आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी: साध्या वेव्ह फाइलची कमाल 4 जीबी असते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा स्टीरिओ सुमारे चार तासांत तिथे पोचतो.

संगणक स्थिर झाला तरी वीज आवाजात शिरू शकते. भारतात वीज 50 हर्ट्झची असल्याने जमिनीच्या जोडणीतला दोष 50 आणि 100 हर्ट्झच्या गुणगुणीच्या रूपाने ऐकू येतो. चार्जर काढताच गुणगुण थांबली तर कारण सापडले. तेव्हा बॅटरीवर मुद्रण करावे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बदलून घेणे त्यासाठीही योग्य ठरते. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय जिवावर बेतू शकतो. तो कधीही करू नये. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर खरखर वाढते, म्हणून वीज गेली असताना चार्जर लावून मुद्रण टाळावे.

कार्यप्रणालीचा निर्णयही घ्यावा लागतो. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. दोन मार्ग उरतात. पहिला, संगणक इंटरनेटपासून कायमचा तोडून केवळ मुद्रणासाठी ठेवणे. अपडेट, क्लाउडची देवाणघेवाण आणि सूचना हे उशिराचे तीन स्रोत त्याने आपोआप मिटतात. दुसरा, उबंटू स्टुडिओसारखी लिनक्स प्रणाली घालणे. ती मोफत आहे आणि आर्डर, ऑडॅसिटी हे प्रोग्रॅम तिच्यावर चालतात. कामाला जास्तीत जास्त किती उशीर होऊ शकतो यावर बंधन घालणारी ‘रिअल टाइम’ सोय 2024 मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात, 6.12 या आवृत्तीत सामील झाली. इंटरफेस मात्र वेगळ्या ड्रायव्हरविना चालणाऱ्या, क्लास कम्प्लायंट प्रकारचा असावा.

शेवटी परीक्षा. इंटरफेसचे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडून 1 किलोहर्ट्झचा अखंड स्वर तासभर वाजवावा आणि मुद्रित करावा. ऑडॅसिटीमध्ये त्या ट्रॅकचे स्पेक्ट्रोग्राम दृश्य उघडले की निर्दोष मुद्रणात फक्त एक आडवी रेघ दिसते. जिथे बफर गळाला, तिथे खालपासून वरपर्यंत उभी रेघ उमटते, आणि तिच्या वेळेवरून कारण शोधता येते: ठरावीक अंतराने येणाऱ्या रेघा एखाद्या नियमित सेवेकडे बोट दाखवतात, उत्तरार्धात दाट होणाऱ्या रेघा उष्णतेकडे. एक तास स्वच्छ गेला की मांडणी पक्की समजावी आणि तिच्यात बदल करू नये.

या संगणकाच्या मर्यादा खऱ्या आहेत. अनेक जीबींच्या ध्वनिसंग्रहातून वाजणारी आभासी वाद्ये किंवा 64 नमुन्यांच्या बफरवर गिटारचे परिणाम जिवंत ऐकवणे त्याला झेपणार नाही. असे काम दुसऱ्या यंत्रावर न्यावे. माइकमधून आलेला आवाज जसाच्या तसा उतरवून घेणे मात्र तो चोख करतो. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी किंवा बंदिश सांगणारे गुरुजी त्याच उत्कटतेने पुन्हा गातीलच असे नाही; तेव्हा मुद्रण संपताच फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी, आणि दोन्ही प्रती उघडून ऐकल्याशिवाय मूळ जागा मोकळी करू नये.