स्वस्त खताचा हिशेब



सुट्टीत आम्ही गावी जातो तेव्हा बांधावर भाऊबंदांची एकच तक्रार कानी येते : युरियाची पोती वाढली, पण उतारा त्या मानाने वाढत नाही. या तक्रारीत तथ्य आहे.

अनुदानाचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. १९६०च्या दशकात अमेरिकी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेला हा देश स्वावलंबी झाला, त्यात नवी वाणे, पाणी, हमीभाव यांच्याइतकाच खताचाही वाटा होता. १९७७ साली नत्रखताच्या कारखान्यांना उत्पादनखर्च व विक्रीदर यांतील फरक भरून देण्याची योजना आली आणि खत लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिले.

पुढे ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांचे दर मोकळे झाले; युरियाचा दर मात्र सरकारच ठरवीत राहिले. शेतकरी काही खुळा नव्हे, त्याने स्वस्त तेच उचलले! देशातील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते वर्षभरात ९.५ : ३.२ : १ झाले. सर्वसाधारणपणे ४ : २ : १ हे योग्य मानले जाते. पिकाची वाढ सर्वांत उण्या पडणाऱ्या अन्नद्रव्यापाशी अडते. नुसते नत्र ओतल्याने पान हिरवेगार होते, ताट लोळते, किडीचे फावते. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला गेला.

अनुदान बंद करावे असे आम्ही म्हणत नाही. ती रक्कम एकरी हिशेबाने शेतकऱ्याच्याच हाती द्यावी. माती तपासून खत तो निवडील. फक्त, खंडाने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. त्याची रक्कम कोणाच्या खात्यात जाणार, हे आधी ठरले पाहिजे.