बांधणारे आणि बांधकामाशेजारी राहणारे



बांधकाम व्यवसायाच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून मी आपणांसमोर बोलत आहे. नागपूरच्या ज्या सक्करदऱ्यात आपण जमलो आहोत ते नागपूरकर भोसल्यांच्या तलावाचे आणि राजवाड्याचे स्थान. येथेच राजे रघुजीराव भोसल्यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना आदराने ठेवून घेतले आणि सर्व जातिधर्मांची माणसे त्यांच्या दर्शनासाठी या वाटेने येत राहिली. आज त्याच परिसरात बुधवार बाजाराची वर्दळ आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, उमरेड मार्गाची वाहतूक आहे आणि डोक्यावरून जाणारे उड्डाणपूल आहेत. बांधकामाच्या धुळीत आणि आवाजात वर्षानुवर्षे दिवस काढणे म्हणजे काय, हे येथील रहिवाशांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या व्यवसायाच्या परिषदांत सिमेंटची प्रत, पोलादाचे दर, निविदांच्या अटी आणि मंजुरीस लागणारा विलंब यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु ज्याच्या हातून इमारत उभी राहते आणि जिच्या सावलीत ज्याला पुढे आयुष्य काढावयाचे असते, त्या दोघा माणसांचा विचार आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मागे पडतो. आज मी त्यांच्याचविषयी बोलणार आहे. या दोघांची तक्रार, मला वाटते, मुळात एकच आहे: आम्हांला कोणी आधी विचारले नाही.

बांधकामावर अपघात होतो, पंचनामा होतो, आणि कारणांच्या रकान्यात ‘मजुराचा निष्काळजीपणा’ हे शब्द फार लवकर येऊन बसतात. पट्टा बांधला नव्हता, हेल्मेट काढून ठेवले होते, परांचीवरून पलीकडे उडी घेतली. हे सारे खरे असेलही. पण तो असे का वागला, हा प्रश्न दफ्तरात नोंदवला जात नाही. काम उक्ते दिलेले असते आणि दर चौरस फुटावर ठरलेला असतो, तेव्हा पट्टा सोडून पुन्हा अडकवण्यात जाणारा प्रत्येक क्षण त्या माणसाच्या मजुरीतून वजा होत असतो. त्याने गावाकडून निघताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते. परांचीची वासे-बल्ली कच्ची आहे हे त्याला पायाखाली जाणवत असते. परंतु ‘मी चढत नाही’ म्हणणाऱ्याची हजेरी उद्या लागेलच याची खात्री त्याला कोणी दिलेली नसते. अशा परिस्थितीत घडलेल्या वर्तनाला स्वभावदोष म्हणणे हा अन्याय आहे. ते वर्तन आपण आपल्या दरपत्रकात, आपल्या मुदतीत आणि आपल्या दरडावणीत आधीच लिहून ठेवलेले असते.

रेजांची, म्हणजे बांधकामावरील स्त्री-मजुरांची, गोष्ट तर याहूनही क्लेशदायक आहे. छत्तीसगडातून, बालाघाट-शिवनीकडून येणाऱ्या या स्त्रिया डोक्यावर घमेले घेऊन दिवसभर चढउतार करतात आणि भर उन्हाळ्यात जाणूनबुजून पाणी कमी पितात, कारण कामाच्या जागी त्यांच्यासाठी संडास नसतो. ज्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या शहरात तहान दाबून स्लॅबचे काम करणे म्हणजे देहाशी केलेला केवढा व्यवहार आहे, याचा हिशेब आपल्यापैकी कोणत्याही अंदाजपत्रकात मला आढळलेला नाही. चक्कर येऊन पडलेल्या बाईविषयी ‘सवय नसेल’ असे उद्गार काढले जातात. सवय तिला पुष्कळ असते; नसतो तो चार भिंतींचा आडोसा.

मजुराचा विचार आधीच करता येतो, याचे एक उदाहरण सांगतो. १९३३ ते १९३७ या काळात अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्कोच्या खाडीच्या मुखावर गोल्डन गेट पूल बांधला गेला, तेव्हा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी डोक्यावर टोप सक्तीचा केला आणि पुलाच्या तळाखाली दोरखंडाचे प्रचंड जाळे टांगले. इतका खर्च कशाला, अशी शंका त्या काळी कोणाला आली असेल तर तिचे उत्तर एकोणीस जिवंत माणसांनी दिले. कारण तितकी माणसे त्या जाळ्यात पडून वाचली. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक मचाण निखळले आणि जाळे फाडून खाली गेले. दहा माणसे दगावली. हेही सांगितले पाहिजे, कारण एकच साधन टांगून जबाबदारी संपत नाही. तरीही माणूस पडणारच हे गृहीत धरून त्याच्यासाठी खाली काही पसरून ठेवावयाचे, ही दृष्टी मला आजही अनुकरणीय वाटते.

आपल्याकडे काय घडले? नागपुरातून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. त्याच महामार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि वीस जणांनी प्राण गमावले. त्याआधी २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढवा येथे पावसाने संरक्षक भिंत कोसळली, आणि तिच्या पायथ्याशी उभारलेल्या झोपड्यांत निजलेली पंधरा माणसे, लेकराबाळांसह, मृत्यू पावली. कोंढव्याची माणसे कामावर नव्हती, झोपेत होती. झोपण्याची जागाही सुरक्षिततेच्या विचारातच येते, हे कळण्यासाठी इतकी मोठी किंमत पडावयास नको होती.

कायदा नव्हता असे नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने अधिनियम केला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकराची तजवीज झाली. महाराष्ट्राने २००७ मध्ये नियम केले आणि पुढे कल्याणकारी मंडळ स्थापिले. मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणला की या मंडळाकडे मजुराची नोंदणी होते. परंतु हा दाखला देणारा कोण? ठिय्यावर उभा राहून रोज नवा मालक शोधणाऱ्या मजुराला वर्षाचे नव्वद दिवस कोणत्या एका माणसाच्या सहीने सिद्ध करता येतील? आता तो अधिनियम नव्या कामगार संहितांत सामावला आहे. पण सहीसाठी दारोदार फिरणाऱ्याची अडचण केवळ संहितेचे नाव बदलल्याने सुटणार नाही. त्याच अधिनियमात पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. आपल्या वस्त्यांतील बहुसंख्य कामांवर दहापंधराच रेजा असतात, म्हणून त्यांचे तान्हे मूल वाळूच्या ढिगावर, साडीच्या झोळीत, मिक्सरच्या घरघरीत निजते. याउलट, १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे काम दिल्लीत राजघाटाजवळ चालू असताना मीरा महादेवन यांनी तेथील मजुरांची मुले पाहिली आणि तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था वाढली, तिचे काम पुढे मुंबई-पुण्यासही आले. त्या बाईंनी पन्नासांची संख्या भरण्याची वाट पाहिली नव्हती.

मनाच्या आरोग्याविषयी बोलताना आपल्या व्यवसायात संकोच वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात आत्महत्या केलेल्या १,६४,०३३ व्यक्तींपैकी ४२ हजारांहून अधिक रोजंदारीवर जगणाऱ्या होत्या. दर चौघांमागे एक. ते सारेच बांधकामावरचे नव्हते, पण आपल्या मजुरांचे जिणे त्याच जातीचे आहे: घरापासून दूर, देण्यात बुडालेले, उद्याच्या कामाविषयी अनिश्चित. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २००८ पासून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ या उपक्रमात कामावरच्याच साथीदारांना शिकवले जाते की शेजारचा गडी गप्प झाला, त्याचे खाडे वाढले, दारू वाढली, तर त्याला बाजूला घेऊन काय विचारावे आणि कोणाकडे न्यावे. हे आपल्याला अशक्य नाही. आपला मिस्त्री आपल्या माणसाचे गाव, घर आणि कर्ज ठेकेदारापेक्षा अधिक जाणतो. त्याला थोडे शिक्षण आणि थोडी सवड द्यावयास हवी.

आता शेजाऱ्यांकडे वळतो. १ जुलै २०२४ रोजी आपल्याच नागपुरात दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध हजारो अनुयायी उभे ठाकले आणि त्याच दिवशी शासनास कामाला स्थगिती द्यावी लागली. जेथे १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली त्या भूमीखाली खणताना तेथील स्तूपाला धोका पोहोचेल का, ही शंका अत्यंत स्वाभाविक होती, आणि तिचे निरसन पहिली कुदळ पडण्यापूर्वी, भर सभेत, नकाशे उघडून करता आले असते. पुढल्याच वर्षी इंदोरा ते दिघोरी उड्डाणपूल अशोक चौकात एका घराच्या बाल्कनीस भिडल्याचे छायाचित्र देशभर फिरले. अतिक्रमण कोणाचे, हा संबंधित कचेऱ्यांच्या निवाड्याचा विषय; परंतु खांब उभे राहून तुळया चढेपर्यंत हा प्रश्न मिटलेला नव्हता, ही गोष्ट आपल्या व्यवसायाला भूषणावह नाही. १९६६ च्या नगररचना अधिनियमाने विकास योजनेवर हरकती व सूचना मागवण्याची सक्ती केलेली आहे. हरकत मागवणे आणि माणसाला विचारणे यांत मात्र अंतर राहते. राजपत्रातील जाहीरनामा बुधवार बाजारातील भाजीवालीपर्यंत पोहोचत नाही.

आणि लोकांना विचारले तर ते अडवतातच, हा समजही खरा नाही. १९१७ साली प्लेगने गांजलेल्या होळकरांच्या इंदुरात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस गेले. लोकांना त्यांचे भय वाटे. त्यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दवंडी पिटवली की दिवाळीची मिरवणूक ज्या वस्तीतील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील तिच्यातून जाईल. लोकांनी घरे झाडली, डागडुजी केली. मिरवणुकीत पांढऱ्या स्वच्छ पोशाखात, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार नव्या झाडूंसह चालले. हुकूम सोडून जे झाले नसते, ते लोकांना सहभागी करून घेतल्याने झाले. हेच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

सायंकाळच्या खुल्या अधिवेशनात मी अध्यक्षांतर्फे एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक निविदेत सुरक्षा, संडास, सावली, पिण्याचे पाणी आणि पाळणाघर यांची रक्कम वेगळ्या बाबीखाली दाखवावी व ती स्पर्धेतून वगळावी, म्हणजे दर पाडण्यासाठी कोणी त्यात हात घालणार नाही. जोखीम दिसल्यास काम थांबवणाऱ्या मजुराची त्या दिवसाची हजेरी पूर्ण धरावी. आणि कामाभोवतीच्या कुंपणाचा पहिला पत्रा रोवण्यापूर्वी कामाचा नकाशा मराठी-हिंदीत चौकात लावून शेजाऱ्यांची सभा घ्यावी व तिचा वृत्तांत कामाच्या दफ्तरास जोडावा. शासन हे करील तेव्हा करील. आपण स्वतःच्या कामांवर ते उद्यापासून करू शकतो. माझी आपणां सर्वांना कळकळीची विनंती आहे की या ठरावास केवळ हात वर करून संमती देऊ नये. ज्यांची कामे आज चालू आहेत त्यांनी आपल्या कामाचे नाव लिहून त्याखाली सही करावी.